खिडकीबाहेरचे झाड

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध धर्मग्रामस्थांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी घरोघरी जातो. त्यांपैकी एका घरी नव्वदीकडे झुकलेली एक आजी आहे. तिचे सारे आयुष्य केळीच्या वाडीत, बावखलाच्या काठी गेले. आता वाडीच्या जागी इमारत उभी आहे आणि आजी तिसऱ्या मजल्यावर राहते. घर नीटनेटके आहे, मुले-सुना मायेने करतात, औषधपाण्यात कसूर नाही. एकदा प्रार्थना आटोपल्यावर ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "फादर, देवाच्या दयेने सगळं आहे. पण इथून नुसती भिंत दिसते. पाऊस आला तरी आवाजावरूनच कळतं."

तिच्या त्या बोलण्याने मी अस्वस्थ झालो. झाडे, पाणी, आकाश यांचा सहवास ही माणसाची हौस आहे की गरज? आणि गरज असेल, तर ती कोणत्या वयाची? या प्रश्नाच्या निमित्ताने गेल्या दोन शतकांच्या इतिहासाची काही पाने चाळली. ज्यांनी ज्यांनी माणसाची मनापासून काळजी वाहिली, त्यांपैकी अनेकांची पावले त्याला घेऊन निसर्गाकडेच वळलेली दिसली.

प्रथम बालपण घेऊ. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात १७८२ साली जन्मलेला फ्रीड्रिख फ्रोबेल अवघ्या काही महिन्यांचा असताना आईला पारखा झाला. तरुणपणी त्याने वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली. रानाची ती ओळख त्याला जन्मभर पुरली. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. हे नाव केवळ अलंकारिक नव्हते. प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा असावा आणि सर्वांचे मिळून सामाईक वाफेही असावेत, असा त्याचा आग्रह होता. पेरलेले उगवेपर्यंत थांबावे लागते आणि शेजाऱ्याचा वाफा तुडवायचा नसतो, हे धडे मुलाने मातीतच गिरवावेत अशी त्यामागची दृष्टी. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये.

आपल्या 'बालवाडी' या शब्दातही वाडी आहेच. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली. या कुरणशाळेची आठवण आपल्या परिसराने अभिमानाने जपली पाहिजे.

बालपण सरले की तारुण्य येते. पोलंडमधील क्राकूव शहरी १९४९ साली सेंट फ्लोरियन चर्चमध्ये कारोल वोयतिवा नावाचे तरुण धर्मगुरू आले. साम्यवादी राजवटीत धर्मगुरूंना युवकांचे संघटन करण्यास मज्जाव होता. फादर वोयतिवा विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात आणि तळ्यांकडे जाऊ लागले. साधा वेश, पाठीवर पिशवी. कोणाला संशय येऊ नये म्हणून मुले त्यांना 'वुयेक', म्हणजे काका, म्हणत. उलट्या ठेवलेल्या होडीची वेदी करून मिस्सा होई. दिवसभर वल्ही मारता मारता विवाह, व्यवसाय, श्रद्धा अशा विषयांवर मनमोकळ्या गप्पा होत. १९५८ साली साहाय्यक बिशपपदी नेमणूक झाल्याची वार्ता त्यांना कळली, तीही अशाच एका नौकासहलीत. हेच पुढे पोप दुसरे जॉन पॉल झाले. बंद खोलीत ज्या प्रश्नांना तोंड फुटत नाही, ते नदीवर सहज बोलले जातात, हा अनुभव युवकांबरोबर सहलीला गेलेल्या कोणाही धर्मगुरूला असेल.

प्रौढ, कष्टकरी माणसाचे काय? इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ सार्वजनिक पैशातून उभारलेले बर्कनहेड उद्यान १८४७ साली सर्वांसाठी खुले झाले. १८५० मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा अमेरिकन तरुण तेथे गेला. गरीब-श्रीमंत एकाच हिरवळीवर फिरत आहेत, हे दृश्य त्याच्या मनात ठसले. १८५८ साली कॅल्व्हर्ट वॉक्स याच्यासह केलेला त्याचा आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला. ज्याला डोंगरावर हवापालटासाठी जाण्याची ऐपत नाही, त्याला शहरातच विसावा मिळावा, हा त्याचा हेतू होता. मात्र इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या जागेवर सेनेका व्हिलेज ही वस्ती होती. तेथे मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबे आणि काही आयरिश स्थलांतरित राहत. १८५७ पर्यंत त्यांना उठविण्यात आले. हिरवळ सर्वांची म्हणताना तिची किंमत कोणी मोजली, हे विसरता येत नाही.

आता आजारपण आणि वार्धक्य. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्णाला खिडकीबाहेरचे दिसले पाहिजे, असे आवर्जून लिहिले. स्वतः तापाने आजारी असताना कोणी रानफुलांचा गुच्छ पाठविला आणि तेव्हापासून आपली प्रकृती झपाट्याने सुधारू लागली, ही आठवणही तिने नोंदविली आहे. हा अनुभव एका परिचारिकेचा. त्याला मोजमापाची जोड मिळण्यास सव्वाशे वर्षे लागली. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या अन्य २३ जणांना विटांची भिंत दिसत होती. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांची संख्या थोडी होती. एवढ्यावरून झाड हेच औषध असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण विटांची भिंत हे शब्द वाचताच मला आमची आजी आठवली.

असिसीकर संत फ्रान्सिस यांनी सृष्टीचे स्तोत्र रचले ते १२२५ च्या सुमारास, सान दामियानो येथे, जवळजवळ दृष्टी गेलेली आणि शरीर व्याधींनी पोखरलेले असताना. डोळ्यांना उजेड सोसवत नव्हता, तरी सूर्याला त्यांनी बंधू म्हटले. निसर्ग धट्ट्याकट्ट्यांचाच सोबती आहे, हा समज त्यांच्या जीवनाने खोडून काढला आहे.

प्रिय वाचकहो, मुलांना आपण शिबिराला पाठवितो, तरुण स्वतःहून ट्रेकला जातात. मागे राहतात ते घरातील वृद्ध. ज्यांनी वाड्या शिंपल्या, त्यांनाच शेवटच्या दिवसांत पानही दिसू नये, हा अन्याय आपल्या नकळत आपल्याच घरी घडतो आहे. मी त्या आजीच्या नातवाशी बोललो. आता रविवारी संध्याकाळी तो तिला चाकाच्या खुर्चीतून चर्चच्या आवारातील आंब्याखाली आणतो. परवा ती मला म्हणाली, "फादर, यंदा मोहर उशिरा आलाय." कितीतरी दिवसांनी तिने मला काही बातमी सांगितली होती.

आज घरी गेल्यावर आपल्या कुटुंबातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीच्या खाटेवर क्षणभर बसा आणि तिच्या खिडकीतून काय दिसते ते पाहा. भिंत दिसली, तर पुढे काय करावयाचे हे वेगळे सांगावे लागणार नाही.