अपघातानंतरचे चोवीस तास

अपघात झाला की गाडी थांबवायची आणि विचारल्यास नाव-पत्ता सांगायचा, एवढीच अपेक्षा सुरुवातीच्या मोटार कायद्यांनी चालकाकडून ठेवली होती. ब्रिटनच्या १९०३ च्या कायद्यात ती आली आणि ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९१४ साली झालेल्या मोटार वाहन कायद्याने तीच उचलली. तेव्हा मोटार होती ती संस्थानिक, बडे व्यापारी आणि साहेबलोक यांच्याकडे. गाडी कोणाची हे कळण्याआधी ती पसार होऊ नये, याचीच कायद्याला काळजी होती.

जखमीची स्पष्ट दखल घेतली ती १९३९ च्या कायद्याने. त्याच्या कलम ८९ नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, गरज पडल्यास जवळच्या रुग्णालयात न्यायचे, आणि पोलीस जागेवर नसेल तर शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या ठाण्यात खबर द्यायची. ही मुदत ब्रिटनच्या १९३० च्या कायद्यातही होती. नक्कल मात्र डोळे मिटून केलेली नव्हती. कोणत्या जनावराला धडक बसली तर गाडी थांबवायची, याच्या ब्रिटिश यादीत डुक्कर आणि कुत्रा होते. भारतीय यादीत ते नाहीत, त्यांच्याऐवजी हत्ती आणि उंट आहेत. आजच्या कायद्यातही यादी तीच आहे. रस्त्यावर रोज चिरडल्या जाणाऱ्या कुत्र्यासाठी थांबण्याची सक्ती त्यात नाही.

१ जुलै १९४६ पासून त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा झाला आणि चालकाने दिलेल्या खबरीला पैशाचे मोल आले. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. एरवी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या वारसांना त्यामुळे स्वतंत्र दार मिळाले. पण तिथेही फिर्याद, पंचनामा आणि गाडीचा नंबर यांवरच सारी भिस्त. चालक पळाला आणि गाडी सापडली नाही, तर दावा लावायचा कोणावर? त्यासाठी १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यूस ५,००० आणि गंभीर दुखापतीस १,००० रुपये भरपाई ठरवली. १ एप्रिल २०२२ पासून या रकमा २ लाख आणि ५०,००० रुपये आहेत.

१९८८ च्या कायद्यात ही कर्तव्ये कलम १३२ आणि १३४ मध्ये आली. त्यापुढची भर एका न्यायालयीन निकालाच्या पाठोपाठ पडली. मोटारीने उडवलेल्या स्कूटरस्वाराला एका रुग्णालयाने दाखल करून न घेता वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले आणि तो वाटेतच दगावला. त्यावरून परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले, की आधी जीव वाचवा, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९४ च्या दुरुस्तीने डॉक्टरांचे हे कर्तव्य थेट कलम १३४ मध्येच घातले. विमा कंपनीला पॉलिसी क्रमांक, अपघाताची वेळ व ठिकाण, जखमींचा आणि चालकाच्या परवान्याचा तपशील लेखी कळवणेही तेव्हापासून चालकावर आले.

याच कलमात एक कबुलीही आहे. जमावाच्या क्षोभामुळे शक्य नसेल, तर जखमीला मदत मिळवून देण्याच्या कर्तव्यातून चालकाला सूट आहे. चालकाला ओढून काढून चोपण्याची रीत कायदेमंडळाने अशी पुस्तकात नोंदवली. ही सूट जखमीच्या मदतीपुरतीच आहे, पोलिसांना खबर देण्यातून सुटका नाही. ट्रकचालकांना नेमका हाच भेद कोणी समजावून सांगत नाही.

मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण मिळायला २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि २०१९ चे कलम १३४-अ यावे लागले. कर्तव्य चुकवणाऱ्या चालकाची शिक्षा मात्र बराच काळ तीन महिने कैद किंवा ५०० रुपये दंड एवढीच होती. २०१९ मध्ये ती सहा महिने किंवा ५,००० रुपयांवर गेली. त्यानंतर एकदम मोठी उडी आली. बेदरकार वाहन चालवून जीव घेणाऱ्या आणि खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये लिहिले गेले. जानेवारी २०२४ च्या आरंभी मालवाहतूक चालकांनी चाके थांबवली, महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि केंद्राला चर्चेचे आश्वासन द्यावे लागले. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली, ती हे पोटकलम वगळून.