शेताचा नंबर

गुंठा म्हणजे किती, असे शाळेत विचारले तर मुले चटकन् सांगतात : ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. पण तेहतीसच का? तर मोजणीदाराची साखळी तेवढी होती. तिचे सोळा भाग करीत नि त्यांना आणे म्हणत. अशा ४० गुंठ्यांचा एक एकर.

१८१८ साली पेशवाई गेली. पुढे प्रिंगल नावाच्या साहेबाने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी केली. पिकाच्या किमतीतून खर्च वजा घालून उरेल त्यावर शेकडा ५५ सारा, असा त्याचा हिशेब. हिशेब कागदावर मोठा बारीक. पण हाताखालच्यांच्या मोजणीत खोट, आणि सारा जड! लोक जमिनी टाकून निघून गेले. म्हणून १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम धरले, आणि सारा तीस वर्षांपुरता कायम केला.

त्यांच्या पद्धतीतील खरी हुशारी, माझ्या मते, नंबरात आहे. शेताच्या हद्दीवर दगड रोवले, गावचा नकाशा काढला आणि प्रत्येक शेताला नंबर दिला. तोच नंबर वहीत. त्यापुढे क्षेत्र, आकार, खातेदाराचे नाव. नकाशात जागा, वहीत माणूस, आणि दोहोंची गाठ त्या नंबराने.

आज संगणक नेमके हेच करतो. शेताची आकृती आणि सातबाऱ्याची नोंद तो नंबराने जोडतो. कालवा कोणाकोणाच्या रानातून जाईल, हे काढायला पूर्वी नकाशावर नकाशा ठेवून दिवसच्या दिवस जात. आता ते घटकेत कळते.

मात्र गाठ सैल असली की संगणकही फसतो, बरे का! १९४७ च्या कायद्याने जिथे एकत्रीकरण झाले तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या. सातबाऱ्यावर तीन नावे चढली, पण मोजणी कोणी मागितली नाही. नकाशात शेत एकच राहिले. मग रस्त्यासाठी त्यातली पट्टी गेली, तर ती थोरल्याची की धाकट्याची? बांध कुठे, हे संगणकाला कोण सांगणार?

गुरुजी, गावच्या नकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून आणून एकदा वर्गात लावा. मुलांना घरचा सातबारा आणायला सांगून आपापला गट त्यावर शोधू द्या. वहीत वाटणी आहे आणि नकाशात रेघ नाही, अशी शेते किती निघतात ते मोजा.