विलायती शिक्षणाचे मोल : लंडन आणि हिंदी विद्यार्थी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील सुशिक्षित घरांमध्ये मुलाला विलायतेला पाठवण्याचा विचार होऊ लागला, तेव्हा विलायत म्हणजे बहुधा लंडनच असे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची घडणच लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर, म्हणजे स्वतः न शिकवता महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या संस्थेच्या नमुन्यावर झालेली होती; त्यामुळे केवळ पदवीसाठी समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. तरीही विद्यार्थी जात राहिले, कारण अधिकाराच्या जागांकडे नेणारी दारे साम्राज्याच्या राजधानीतच उघडत होती.

यांतील पहिले दार सरकारी नोकरीचे होते. इंडियन सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे जिल्ह्यांचे प्रशासक आणि न्यायाधीश पुरवणारी वरिष्ठ सनदी सेवा, हिच्यासाठी १८५५ पासून स्पर्धा परीक्षा सुरू झाली, परंतु ती लंडनमध्येच होत असे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे ती उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी उमेदवार ठरले. आरंभी २३ वर्षे असलेली वयोमर्यादा पुढे १८७८ पासून १९ वर्षांवर आणली गेली, तेव्हा निवडीची कोणतीही खात्री नसताना कोवळ्या वयाच्या मुलाला परदेशी धाडून त्याचा सर्व खर्च सोसण्याचा प्रसंग कुटुंबांवर आला. परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, ही राष्ट्रीय सभेची आग्रही मागणी या अन्यायातूनच पुढे आली.

दुसरे दार वकिलीचे होते. लंडनमधील लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चार जुन्या संस्थांपैकी एकीचे सदस्यत्व घेतल्याखेरीज बॅरिस्टरची सनद मिळत नसे. १८६१ च्या कायद्याने हिंदुस्थानातील उच्च न्यायालयांत किमान एकतृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर असावेत असे ठरवल्यामुळे या सनदेला मोठे वजन आले होते. सनदेसाठी रोमन कायदा आणि इंग्लंडचा कायदा यांच्या परीक्षांबरोबरच बारा सत्रे, म्हणजे सुमारे तीन वर्षे, पुरी करावी लागत, आणि सत्र पुरे करणे म्हणजे संस्थेच्या भोजनगृहातील ठरावीक मेजवान्यांना हजर राहणे. १८८८ मध्ये इनर टेंपलमध्ये दाखल झालेल्या मोहनदास गांधींनी आत्मचरित्रात नोंदवल्याप्रमाणे प्रत्येक सत्रातील सुमारे चोवीस भोजनांपैकी निदान सहांना उपस्थिती आवश्यक होती. विद्वान वकिलांच्या सहवासात शिकण्याची ही मूळ परंपरा तोवर बरीचशी उपचारापुरती उरली होती. तिची किंमत मात्र विद्यार्थ्याला पुरेपूर मोजावी लागे.

ही किंमत केवळ पैशांची नव्हती. समुद्रगमनाला धर्माची आडकाठी असल्यामुळे परतलेल्या तरुणाला जातीबाहेर राहावे लागे किंवा प्रायश्चित्त घ्यावे लागे. गांधींना तर निघण्यापूर्वीच जातीने बहिष्कृत केले. पैशांच्या बाबतीत त्यांचा अनुभव उद्बोधक आहे, कारण खोली बदलून, पायी फिरून आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण स्वतः करून त्यांनी दिवसाचा अन्नखर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आणला. परतल्यावर त्यांनी इंग्लंडला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी लंडनची मार्गदर्शिका लिहिली, ती त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिली. पण कोणी जावे, किती पैसे लागतील आणि राहावे कसे, हे प्रश्न तेव्हाच किती नेमकेपणाने विचारले जात होते, याचा तो पुरावा आहे.

स्त्रियांच्या दृष्टीने लंडनचे महत्त्व आणखी वेगळे होते. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या, आणि त्याआधी १८७४ मध्ये शहरात स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय निघाले होते. बालपणी झालेला विवाह नाकारल्यामुळे ज्यांचा खटला देशभर गाजला, त्या रखमाबाई १८८९ मध्ये याच विद्यालयात शिकण्यासाठी गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी या शहराने विद्यार्थ्यांना एकमेकांजवळही आणले. १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात उघडलेले 'इंडिया हाऊस' हे वसतिगृह क्रांतिकारकांचे केंद्र बनले, आणि विनायक दामोदर सावरकर कायद्याच्या अभ्यासासाठी आले ते तेथेच राहिले. १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रा या हिंदी विद्यार्थ्याने कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याचा वध केल्यानंतर हिंदी विद्यार्थ्यांवरील पाळत कडक झाली, आणि परीक्षा उत्तीर्ण होऊनही सावरकरांना सनद नाकारण्यात आली. राज्यकर्त्यांच्या हाती असलेले दार राज्यकर्त्यांच्या मर्जीने बंदही होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

लंडनचे खरे शैक्षणिक सामर्थ्य ज्यांच्या कार्यातून सर्वाधिक प्रकट होते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसे साठवून आणि मित्रांचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिस यांच्या ग्रंथालयांत हिंदुस्थानच्या कारभाराचे अहवाल व कागदपत्रे एकत्र होती, आणि ज्या कागदांच्या आधारे राज्य चालत होते त्यांच्याच आधारे त्यांनी त्या राज्याच्या चलननीतीची चिकित्सा केली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधात त्यांनी सुवर्ण विनिमय पद्धतीवर, म्हणजे अंतर्गत व्यवहार रुपयात ठेवून त्याचा परकीय विनिमयदर सरकारने बांधून ठेवण्याच्या व्यवस्थेवर, सडेतोड टीका केली. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपला मतभेद उघडपणे नोंदवला आणि तरीही त्यातील विचाराच्या ताजेपणाची प्रशंसा केली. १९२३ मध्ये या प्रबंधाला डी. एस्सी. पदवी मिळाली.

याच सुमारास, १९२२ मध्ये, सनदी सेवेची परीक्षा हिंदुस्थानातही होऊ लागली, आणि १९२६ च्या बार कौन्सिल कायद्यानंतर बॅरिस्टरांचे वेगळेपणही ओसरत गेले. सक्तीने दिलेले महत्त्व असे कमी होत असताना लंडनच्या बाजूने उरले ते ग्रंथसंग्रह, अस्सल कागदपत्रे आणि मतभेद मान्य करूनही विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहणारे अध्यापक. राजधानीचे शहर शिक्षणासाठी निवडताना तेथील शिक्क्याला बाजारात किती भाव आहे यापेक्षा तेथे कोणते ज्ञान हाती लागते आणि ते आपल्या समाजाच्या कोणत्या प्रश्नाला भिडते, हाच निकष टिकाऊ ठरतो, ही या सात दशकांच्या इतिहासाची शिकवण आहे.