कुऱ्हाडीमागचा चित्रकार

२१ एप्रिल १९५४. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सची सुनावणी चालू होती. सिनेटर एस्टेस केफॉवर यांनी ‘क्राइम सस्पेनस्टोरीज’च्या २२व्या अंकाचं मुखपृष्ठ पुढे केलं. एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांना धरलेलं बाईचं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का? भयकथेच्या मुखपृष्ठापुरतं हो, असं प्रकाशक विल्यम गेन्स म्हणाले आणि टीकेचे धनी झाले.

ते चित्र जॉनी क्रेगचं. ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ची मुखपृष्ठंही तोच काढायचा. त्याची रेषा स्वच्छ आणि संयत. या चित्रात मारेकऱ्याचा चेहराच दिसत नाही, कापलेली मानही चौकटीबाहेर राहते. उरलेलं आपण मनात रंगवतो आणि घाबरतो.

दहा सेंटना मिळणारा तो अंक मी माझ्या घरातल्या मुलांच्या हाती दिला नसता. पालकांची काळजी मला रास्तच वाटते. पण त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वीकारलेल्या आचारसंहितेने अंकाच्या नावातला ‘हॉरर’ हा शब्दसुद्धा बंद केला. या गदारोळात क्रेगचा हात किती कसलेला होता, हे सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज मी ते मुखपृष्ठ त्याच्या नावानिशी पाहतो.