नर्मदाकाठच्या पदभ्रमंतीसाठी आटोपशीर साधने : निवड कशी करावी?

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात मान नदीकाठी वसलेले मनावर हे तहसिलीचे गाव निमाडच्या सपाटीवर आहे. उत्तरेला विंध्य पर्वताचा कडा आणि त्यावर मांडूचा किल्ला, दक्षिणेला नर्मदा, पश्चिमेला कुक्षी व बागची प्राचीन लेणी असा हा परिसर. धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने असल्याने मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकांनी तर नर्मदा परिक्रमेची ओढ मराठी घराघरांत पोहोचवली. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालणारा परिक्रमावासी उत्तर तटावर पूर्वेकडे निघाला की कुक्षी, मनावर, धरमपुरी हा टापू ओलांडून महेश्वरकडे जातो. संपूर्ण परिक्रमा शक्य नसलेले अनेकजण चार-आठ दिवसांचा एखादा टप्पाच पायी करतात. गोव्यातूनही अशा पदभ्रमंतीला जाणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो सामानाचा.

बाजारात आज घडीचे, हलके, खिशात मावणारे असे असंख्य प्रकार मिळतात. प्रत्येक वस्तू सुटी पाहिली तर क्षुल्लक वजनाची वाटते. परंतु खांद्यावर येते ती त्यांची बेरीज.

वजनाचा हिशेब

पाठीवरचे एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावे, असा गिर्यारोहकांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा १२ किलो. सलग अनेक दिवस चालायचे असल्यास आठ किलोंच्या आत राहणे हितकारक. यात दोन लिटर पाण्याचे दोन किलो धरलेलेच असतात, हे विसरून चालत नाही.

एक उदाहरण घ्यावे. हेडटॉर्च ८० ग्रॅम, पॉवर बँक २०० ग्रॅम, पाण्याचा फिल्टर १०० ग्रॅम, स्वयंपाकाचे पातेले २५० ग्रॅम, गॅसचा बर्नर १०० ग्रॅम, गॅसचा भरलेला डबा ३८० ग्रॅम, तंबूत टांगायचा कंदील २०० ग्रॅम, घडीचे सौर पॅनेल ४०० ग्रॅम आणि घडीची खुर्ची ९०० ग्रॅम. ही बेरीज होते २,६१० ग्रॅम. यातील शेवटच्या पाच वस्तू वगळल्या तर उरतात केवळ ६३० ग्रॅम. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना तीन प्रश्न विचारावेत : ही नसेल तर धोका आहे की केवळ गैरसोय? हेच काम सोबतची दुसरी वस्तू करू शकते का? आणि ती वाटेत मिळण्यासारखी आहे का?

प्रकाश

हात मोकळे ठेवणारी हेडटॉर्च हे या यादीतील सर्वांत आवश्यक साधन. मुक्कामाच्या ठिकाणी आणि पायवाटेवर १०० ते २०० ल्यूमेन प्रकाश पुरेसा होतो. त्याहून मोठे आकडे जाहिरातीत उठून दिसतात, पण बॅटरी लवकर संपवतात. पावसाचे शिंतोडे सोसण्याची क्षमता (आयपीएक्स-४ वा त्याहून वरची), मंद प्रकाशाची सोय आणि सॅकमध्ये बटण आपोआप दाबले जाऊ नये यासाठी कुलूपबंदीची सुविधा, या तीन गोष्टी पाहाव्यात. चार्जिंगची टॉर्च घेतल्यास तिची केबल मोबाइलच्याच जातीची असावी, म्हणजे एक केबल कमी होते. वेगळ्या कंदिलाची गरज नाही. अर्धपारदर्शक पाण्याच्या बाटलीवर हेडटॉर्च टेकवली की प्रकाश चहूकडे पसरतो.

वीज

१०,००० एमएएच क्षमतेची पॉवर बँक म्हणजे सुमारे ३७ वॉट-तास ऊर्जा. रूपांतरात होणारी घट धरता ५,००० एमएएचचा मोबाइल तिच्यावर साधारण सव्वा ते दीड वेळा पूर्ण भरतो. मोबाइल विमान-मोडवर ठेवून केवळ नकाशा आणि छायाचित्रांपुरता वापरला, तर एवढी क्षमता तीन दिवस सहज पुरते. या टापूत वस्ती फार विरळ नसल्याने मुक्कामी वीज मिळण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे २०,००० एमएएचच्या जड पॉवर बँकेपेक्षा लहान पॉवर बँक आणि वेगाने भरणारा चार्जर ही जोडी अधिक उपयोगी. सॅकवर टांगलेले छोटे सौर पॅनेल चालताना सतत दिशा बदलते, सावलीत जाते आणि अपेक्षेपेक्षा फारच थोडी वीज देते.

पाणी

पोकळ तंतूंचा हातातला फिल्टर हलका व स्वस्त असतो. त्याची छिद्रे साधारण ०.१ मायक्रॉनची असल्याने जिवाणू आणि परजीवी अडतात. विषाणू मात्र त्याहून सूक्ष्म असल्याने पार होतात. म्हणून गाळलेल्या पाण्यात क्लोरिनची गोळी टाकून वेष्टनावर दिलेला वेळ थांबावे, किंवा पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळावे. रासायनिक दोषांवर मात्र यातील कोणताही उपाय चालत नाही. धार जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. फिल्टर वा उकळणे यांनी ते कमी होत नाही. त्यामुळे अनोळखी हातपंपापेक्षा गावकरी स्वतः पिण्यासाठी वापरतात तो स्रोत विचारून घेणे श्रेयस्कर.

निवारा आणि ऊब

गोव्याच्या किनारी भागात हिवाळ्यातही पारा १८ अंशांखाली क्वचितच उतरतो. निमाड-माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. दुपारी मात्र ऊन चांगलेच तापते. गोव्यातील अनुभवावर विसंबून केवळ चादर नेणारा येथे रात्रभर कुडकुडतो. स्लीपिंग बॅग घेताना वेष्टनावरील ‘कम्फर्ट’ तापमान पाहावे, ‘एक्स्ट्रीम’ नव्हे. दुसरा आकडा केवळ जीव तगण्याची मर्यादा सांगतो, शांत झोपेची नाही. या भागासाठी कम्फर्ट पाच ते आठ अंशांची बॅग पुरते. तिच्याखाली मॅट हवीच. जमीन हवेपेक्षा वेगाने शरीराची ऊब शोषते.

तंबूची निकड परिक्रमेच्या वाटेवर कमी आहे. आश्रम, धर्मशाळा, मंदिरांचे ओटे आणि गावकऱ्यांची घरे यांनी ही परंपरा शतकानुशतके जपली आहे. अनेक ठिकाणी सदावर्त, म्हणजे कोरडा शिधाही मिळतो. अशा वाटेवर दीड किलोच्या तंबूपेक्षा मच्छरदाणी आणि एक हलके ताडपत्रीचे छत पुरेसे ठरते. पावसाळ्यात सह्याद्रीत वापरायचा तंबू मात्र वेगळा. त्याच्या तळाची जलरोधकता ३,००० मिलिमीटर वा अधिक असावी.

शेगडी

२३० ग्रॅम गॅसच्या डब्यात साधारण वीस लिटर पाणी उकळते, हे खरे. परंतु गोव्याहून रेल्वेने वा विमानाने तो नेता येत नाही. ज्वलनशील पदार्थ रेल्वेतून नेणे हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षांना पात्र असा गुन्हा आहे. अल्कोहोल वा पेट्रोलवर चालणाऱ्या शेगड्यांच्या इंधनालाही हेच लागू. मनावरच्या वाटेवर चुलीवर वापरता येईल असे एक पातेले पुरेसे आहे. गॅस घेतलाच, तर तो मुक्कामाजवळच्या शहरातून घ्यावा आणि शेगडी बंद तंबूत कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो जागे होण्याची संधी देत नाही.

दिशा आणि संकट

सरदार सरोवराचा जलाशय सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. बडवानी, धार परिसरातील काठावरची गावे आणि जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातील किंवा न सुधारलेल्या नकाशातील वाट आज अस्तित्वात असेलच असे नाही. मोबाइलचे जीपीएस नेटवर्कविना चालते. नकाशा आधी उतरवून घेतला की स्वतंत्र जीपीएस यंत्राची गरज राहत नाही. तरीही गावांची नावे क्रमाने लिहिलेला एक कागद खिशात असावा. बॅटरी संपल्यावर तोच उपयोगी पडतो.

दहा ग्रॅमची शिटी ही सर्वांत स्वस्त सुरक्षा. मिनिटाला सहा वेळा शिटी, मग एक मिनिट विराम, हा संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मध्य प्रदेशातही चालतात.

काही साधने मात्र घेऊच नयेत. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी परदेशी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीविना भारतात बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे उपकरण सापडल्याने एका परदेशी प्रवाशाला कायदेशीर कारवाईला सामोरे जावे लागले. सर्पदंशावर विष ओढून काढणारा पंपही निरुपयोगी आहे. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी आणि बहुपयोगी चाकू चेक-इन सामानात द्यावा. यात अदलाबदल झाली तर दोन्ही अडतात.

खरेदीपूर्वी चाचणी

नवे साधन थेट नर्मदाकाठी उघडू नये. घराच्या अंगणात वा गच्चीवर एक रात्र झोपून पाहावे, भरलेली सॅक घेऊन आपल्याच तालुक्यातील डोंगरवाटेवर दिवसभर चालावे आणि परतल्यावर सामानाचे तीन ढीग करावेत : वापरलेले, न वापरलेले आणि न वापरले तरी हवेच असे. तिसऱ्या ढिगात प्रथमोपचार पेटी, शिटी आणि पावसापासूनचे आवरण एवढेच राहिले पाहिजे. दुसरा ढीग घरीच ठेवावा.

परिक्रमेच्या वाटेवर जादा सामान वाटून टाकत चाललेले पदयात्री दिसतात. ते ओझे त्यांनी आधी पैसे देऊन विकत घेतलेले असते. निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर प्रत्येक वस्तू ठेवून तिचा आकडा कागदावर लिहिला, तर ही वेळ येत नाही.