पिकअपचा हौदा मॅटखालीच का सडतो?

गेल्या वर्षी गणपतीनंतर खालापूरला मामाकडे गेले होते. मामाची पिकअप दारात उभी होती. हौद्यातलं रबरी मॅट काढून बाजूला टाकलेलं, आणि मामा स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा टोचून बघत होता. एका जागी स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला.

"काय गं, तू गंजावरच पीएचडी करतेस ना? मग सांग, पत्रा वाचावा म्हणून मॅट टाकलं, आणि नेमका मॅटखालीच कसा सडला?"

प्रश्न गमतीत घेण्यासारखा नव्हता. गाडी बारा वर्षांची. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. भाजी, भाताच्या गोण्या, मासळीचे क्रेट, पेणहून गणपतीच्या मूर्ती, अशी घरातली सगळी कमाई याच हौद्यातून येते. त्या दिवशी मी घाईत उत्तर दिलं होतं. हे त्याचं सविस्तर उत्तर, थोडं इतिहासात जाऊन.

हवा आणि पाणी लागलं की लोखंड गंजतं, हे माणसाला कधीपासून ठाऊक होतं. म्हणून उपाय एकच, झाकून ठेवा. पण मग जिथे हवा जास्त लागते तिथे लोखंड जास्त सडायला हवं. प्रत्यक्षात उलटं का होतं, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात दाखवलं.

प्रयोग अगदी साधा. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात दोन द्रव्यं मिसळलेली असतात. लोखंड विरघळायला लागलं की एक निळा रंग दाखवतं, पाणी अल्कधर्मी झालं की दुसरं गुलाबी. थोड्या वेळाने थेंबाचा मधला भाग निळा होतो आणि कड गुलाबी. कडेला पाण्याचा थर पातळ, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. ऑक्सिजनवाली कड इलेक्ट्रॉन घेते, ते पुरवण्यासाठी मधलं लोखंड विरघळतं. म्हणजे एका थेंबात एक छोटी बॅटरीच तयार होते. आपल्या तालुक्यात खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होतेय, पण प्रत्येक ओल्या पत्र्यावरही ती तयार होत असते, फक्त आपल्या नुकसानीसाठी!

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तपकिरी गंज साचतो तो निळ्या-गुलाबीच्या मधल्या पट्ट्यात. डाग एकीकडे, खड्डा दुसरीकडे. म्हणून नुसते डाग बघून गाडीची तब्येत कळत नाही.

आता मामाचं मॅट बघा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. मॅटखाली शिरलेलं पाणी दिवसेंदिवस वाळत नाही. त्यात मासळीच्या बर्फाचं खारट पाणी, आणि मिठाने पाण्यातून वीज आणखी सहज वाहते. मॅटच्या कडेला हवा, मध्यभागी हवा नाही. इव्हान्सचाच थेंब, फक्त हौद्याएवढा.

मग यावर उपाय कधी सापडला? गंमत म्हणजे कारण समजण्याच्या शंभर वर्षं आधी. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून बघितले. ते तुकडे विरघळले आणि तांबं वाचलं. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचं पेटंट घेतलं. १९३०च्या दशकात पोलंडच्या सेंझिमिरने पत्र्याची लांबच लांब पट्टी सलग जस्तातून नेण्याची पद्धत बसवली, आणि जस्ताचा पत्रा स्वस्त झाला. जस्त हे नुसतं पांघरूण नाही. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी विरघळतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला सांभाळतं.

हे जस्तही आपल्याला परकं नाही. राजस्थानातल्या जावरला मध्ययुगातच जस्त मोठ्या प्रमाणावर काढलं जात होतं. ब्रिस्टलच्या चॅम्पियनचं पेटंट त्यानंतरचं, १७३८ चं. आणि जस्त चढवलेला पत्रा तर आपल्या तालुक्यातच बनतो. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या उत्तम गॅल्वाने उभारलेला कारखाना खोपोलीजवळ डोणवतला आहे.

मोटारींना मात्र जस्त उशिरा लागलं. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याने गाड्या सडायला लागल्या तेव्हा कंपन्या जाग्या झाल्या. पोर्शेने १९७५ च्या सुमारास, ऑडीने १९८५ मध्ये जस्त चढवलेल्या बॉडी आणल्या. आपल्याकडे मालवाहू गाडीचा हौदा बऱ्याचदा गॅरेजमध्येच बनतो, साध्या काळ्या पत्र्याचा, वरून रेड ऑक्साईड. जीआय पत्रा वापरला तरी वेल्डिंगच्या आचेने जोडावरचं जस्त उडून जातं. त्याच धुराने वेल्डरला ताप भरतो. म्हणजे जिथे पाणी साचतं, तो जोडच उघडा राहतो.

मामाच्या गॅरेजवाल्याचा बेत होता, भोकावर पत्र्याचं ठिगळ मारायचं, लांबी भरायची आणि जुन्या रंगावरूनच झिंक प्रायमर मारायचा. मी दोन गोष्टींवर अडून बसले. सडक्या पत्र्यावर ठिगळ म्हणजे आणखी एक मॅट, दोन पत्र्यांच्या फटीत पाणी राहणारच. आणि झिंक प्रायमरमधलं जस्त लोखंडाला टेकलं तरच काम करतं. मधे जुना रंग असेल तर ते नुसता राखाडी रंग म्हणून उरतं.

शेवटी सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापला, जोड सलग वेल्ड केला, घासून स्वच्छ केला, मग प्रायमर मारला. पाणी जायची बुजलेली भोकं मोकळी केली. मॅटच्या जागी आता लाकडी पट्ट्या आहेत, खालून वारा फिरतो. मासळी उतरली की हौदा गोड्या पाण्याने धुवायचा, हे मामाने स्वतःच ठरवलं.

जळकं ऑईल मात्र तो अजून चासीला मारतोच. त्याने चिखल धरून राहतो आणि मातीत तेल जातं, हे सांगून झालं. "ते पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. फिटनेस झालं, गाडी परत पेणच्या फेऱ्या करतेय. तुमच्याकडे गाडी असेल तर या रविवारी एकदा मॅट उचलून बघा.