दस्तरखानावरचे हरीण

मांडूच्या गियासशाह खिलजीसाठी इ.स. १५००च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या 'निअमतनामा' या पाकग्रंथात हरणाच्या मांसाचे पदार्थ आहेत. बिस्मिल्लाह म्हणून सोडलेल्या बाणाची शिकार शरियतने हलाल ठरवली. हजच्या इहरामात मात्र तीच हराम.

जहांगीर बादशहा तर शिकारीचा मोठा शौकीन. पण मनसराज हे लाडके हरीण मेले, तेव्हा त्याने लाहोरजवळ त्याची कबर बांधली. या रानातल्या हरणाचे मांस हिंदूंनी गाईसारखे व मुसलमानांनी डुकरासारखे निषिद्ध मानावे, असा हुकूम त्याने दिला. शेखूपुऱ्याचा हिरन मिनार आजही त्याची साक्ष देतो.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा ठरवली. काहींना तो आपल्या ताटावरचा घाला वाटतो. पण हलाल असूनही हात आवरणे, हीसुद्धा आपलीच परंपरा आहे.